दोन्हींचं एकक मीटर प्रति सेकंदच, मग चाल आणि वेग वेगळे कशाला?

तुमची मुलगी नववीत आहे, 'चाल म्हणजे किती, वेग म्हणजे किती आणि कोणत्या दिशेने' हे तिचं तोंडपाठ झालंय, पण एकक एकच असताना दोन राशी कशाला, हा तिचा प्रश्न तुम्ही इथे विचारलाय. प्रश्न अगदी रास्त आहे. नुसती व्याख्या वाचून तो सुटत नाही, कारण दिशा हिशेबात धरली की बेरीज-वजाबाकीच बदलते, हे व्याख्येत दिसत नाही.

मी सोलापूरचा, त्यामुळे मला उदाहरण यंत्रमागाचंच सुचतं. शहराच्या पूर्व भागात जुन्या धोट्याच्या (आडवा धागा इकडून तिकडे नेतो तो) मागापाशी दोन मिनिटं उभं राहून बघा. ताण्याच्या म्हणजे उभ्या धाग्यांमधून धोटा सटकन डावीकडून उजवीकडे जातो, पेटीत जाऊन थांबतो, काठीचा ठोका बसला की परत डावीकडे. समजा, मागाची रुंदी दीड मीटर आहे आणि धोटा ती 0.15 सेकंदात ओलांडतो. जाताना चाल 10 मी/से, येतानाही 10 मी/से. उजवी दिशा धन धरली, तर वेग मात्र आधी +10 आणि नंतर −10. म्हणजे बदल झाला 20 मी/से! चालीचे दोन आकडे शेजारी ठेवले तर काहीच घडलं नाही असं वाटेल. पण त्या धोट्याला आधी अडवायला आणि मग उलटा फेकायला किती जोर लागतो ते मागाच्या खडखडाटावरून कळतं. बल वेग बदलण्यासाठी लागतं, आणि न्यूटनचे नियम पुढे याच राशीवर उभे आहेत.

आता सरासरी काढू. पेटीतला थांबा धरून एक जा-ये एका सेकंदाची समजा. कापलेलं अंतर 3 मीटर, म्हणून सरासरी चाल 3 मी/से. धोटा निघाला तिथेच परत आला, म्हणून विस्थापन, म्हणजे निघाल्या जागेपासून पोचल्या जागेपर्यंतचं सरळ रेषेतलं अंतर दिशेसकट, शून्य. सरासरी वेग या विस्थापनावरून काढतात, म्हणून तोही शून्य. दिवसभर माग चालला तरी पूर्ण फेऱ्यांचा हिशेब हाच. मुलं इथे हमखास अडतात, 'एवढा पळतोय तरी शून्य?' हो, शून्यच.

तसंच सोलापूर ते पुणे. रस्त्याने साधारण 250 किमी, सरळ रेषेत साधारण 235. पाच तास लागले तर सरासरी चाल 50 किमी/तास, सरासरी वेग 47 किमी/तास, वायव्येकडे.

गाडीचा काटा चाल दाखवतो, वेग नाही. आमच्या सात रस्ता चौकात वळताना काटा 20 वर स्थिर ठेवला तरी दिशा क्षणाक्षणाला बदलते, म्हणजे वेग बदलतो, म्हणजे त्वरण आहे. ते टायर आणि रस्ता यांच्यातल्या घर्षणामुळे मिळतं. म्हणून तर वळणावर वाळू सांडलेली असली की दुचाकी घसरते, सरळ जाताना तितकी नाही. पुस्तकातली 'एकसमान वर्तुळाकार गती' ती हीच, फक्त तिथे वाळू नसते.

पेपरात वेगाचं उत्तर उणे आलं की बरीच मुलं घाबरून चिन्ह खोडतात. तिला सांगा, खोडू नकोस. उणे म्हणजे आपण धन धरलेल्या दिशेच्या उलट, इतकंच. चाल मात्र उणे येऊच शकत नाही. ती तशी आली, तर गणित पुन्हा तपासायचं.