बाबांच्या हातात पॉजचं बटण दे

प्रश्न : मी पदवीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. गातो, गिटार वाजवतो. आमचा चौघांचा बँड मोडला, तेव्हापासून लॅपटॉपवर ट्रॅक लावून एकटाच कार्यक्रम करतो. आतापर्यंत सहा झाले. पाचव्यात ट्रॅकमधले ड्रम आणि बास जवळजवळ गायबच झाले, बाकीची वाद्यं विहिरीतून आल्यासारखी येत होती. साउंडवाले म्हणाले, ट्रॅकच खराब आहे. घरी तोच ट्रॅक व्यवस्थित वाजतो. बाबा म्हणतात, "वाजवतंय मशीन, तू नुसता उभा." मला शिक्षण थांबवून पूर्णवेळ हेच करायचंय आणि कर्ज काढून चांगलं सामान घ्यायचंय. घेऊ का?

उत्तर : आधी त्या पाचव्या कार्यक्रमाचं बघू, कारण कर्जाचं उत्तर त्यातच आहे.

तुझा ट्रॅक खराब नसावा. माझा अंदाज असा की त्या दिवशी लॅपटॉपच्या हेडफोनच्या भोकातून एकच वायर निघून थेट मिक्सरच्या एका चॅनेलला गेली होती आणि तिच्या दोन्ही टोकांना स्टिरिओ पिन होती. ही पिन ओळखायला सोपी, तिच्यावर दोन रेघा असतात. मोनो पिनेवर एकच. हेडफोनचं भोक पिनेच्या एका भागातून डावा आवाज पाठवतं, दुसऱ्यातून उजवा. मिक्सरच्या बॅलन्स्ड इनपुटची समजूत मात्र वेगळी असते. त्याला वाटतं की दोन्ही तारांवर एकच आवाज आहे, एकीवर सुलटा, दुसरीवर उलटा. म्हणून तो एकातून दुसरा वजा करतो. लांब वायरीत शिरलेली घरघर दोन्ही तारांवर सारखीच असते, ती अशी वजा होऊन जाते. ही सोय आहेच त्यासाठी. पण तुझ्या बाबतीत डाव्या-उजव्यात जे जे सारखं होतं तेच वजा झालं. आणि सारखं असतं काय? बास, ड्रमची खालची थाप, ट्रॅकमध्ये मधोमध ठेवलेलं सगळं. उरला तो कडेचा पसारा आणि घुमारा. तुझी विहीर ती हीच.

यावर उपाय म्हणजे एका टोकाला स्टिरिओ पिन आणि दुसऱ्या टोकाला दोन मोनो पिना असलेली वायर, दोन वेगळ्या चॅनेलमध्ये लावायची. मिक्सर लांब असेल तर मध्ये डीआय बॉक्स, म्हणजे साधा आवाज लांब वायरीसाठी बॅलन्स्ड करून देणारी डबी. एकच चॅनेल मिळणार असेल तर ट्रॅक घरीच मोनो, म्हणजे डावा-उजवा एकत्र, करून न्यायचा आणि मोनोमध्ये एकदा ऐकूनही घ्यायचा, कारण कीबोर्डचे काही पसरट आवाज मोनोत पार बारीक होतात.

आता सांग, कर्ज काढून तू जे घेणार आहेस त्यातल्या कुठल्या वस्तूने तो कार्यक्रम वाचला असता? नवा लॅपटॉप त्याच वायरीतून तसाच पोकळ वाजला असता.

हे मी काठावर बसून सांगत नाही. करिअर मार्गदर्शनाकडे वळण्याआधी मी काही वर्षं एकटीने कार्यक्रम केले. ट्रॅकच्या डाव्या बाजूला माझ्या कानापुरता क्लिक, म्हणजे ताल धरायची टकटक, आणि उजव्या बाजूला सगळं संगीत, अशी माझी रचना असायची. एकदा ध्वनिव्यवस्था सांभाळणाऱ्याने भल्या मनाने दोन्ही बाजू एकत्र करून बाहेरच्या स्पीकरला दिल्या. त्याला मी काही सांगितलंच नव्हतं, तर दोष कुणाचा? एक संथ, हळवं गाणं लोकांनी पहिल्यापासून शेवटपर्यंत टक-टक-टक-टकच्या साथीने ऐकलं. माझ्या कानात क्लिक असायचाच, त्यामुळे मला काही वेगळं जाणवलं नाही. पहिल्या रांगेतली एक मुलगी मान डोलवत टकटकीवर बोट आपटत होती, आणि मी मनात म्हणतेय, वा, काय तालाची मुलगी आहे! तेव्हापासून कुठली वायर कुठे जाते याचं चित्र कागदावर काढून मी साउंडवाल्याच्या हातात देत असे. तूही दे.

आता बाबांचं म्हणणं. ते खोडून काढायची घाई करू नकोस, कारण त्यात तथ्य आहे. लेस पॉल हा गिटारवादक १९५० च्या दशकात गिटारवर बसवलेल्या एका डबीतून टेपरेकॉर्डर चालवत रंगमंचावर अनेक गिटारींचा आवाज उभा करत असे. ती काही लबाडी ठरली नाही. मिली व्हॅनिली या जोडीला १९९० मध्ये मिळालेलं ग्रॅमी त्याच वर्षी परत घेतलं गेलं, कारण अल्बमवरचा आवाज त्यांचा नव्हताच. यंत्र दोन्हीकडे होतं. लोकांना जे "मी करतोय" म्हणून दाखवतोस ते खरंच तू करतोयस का, एवढंच बघायचं. म्हणून ट्रॅकमध्ये स्वतःचा मुख्य आवाज आधारासाठी ठेवला असशील तर काढून टाक. गिटारही काढ. मागचे कोरसचे आवाज, ड्रम, बास राहू देत. गाण्यात जागा रिकामी वाटली तर वाटू दे, ती तुझ्यासाठीच आहे.

पण बाबांच्या बोलण्यातली खरी मेख पुढेच आहे. साथीदार तुझं ऐकतो. तू एक ओळ जास्त घेतलीस तर तो थांबतो, चुकलास तर सांभाळून घेतो. ट्रॅक बहिरा आहे. तो तुझ्यासाठी थांबत नाही, आणि तो स्वतः थांबला तर तुला सांगून थांबत नाही. एकट्याने कार्यक्रम करणाऱ्याला पैसे मिळतात ते त्या क्षणी माणसांना धरून ठेवण्याचे. प्लेचं बटण कुणीही दाबू शकतो. पाचव्या कार्यक्रमात ड्रम गेल्यावर तू काय केलंस हे तू लिहिलेलं नाहीस. मला तेच वाचायचं होतं.

तेव्हा घरी एक प्रयोग कर. चाळीस मिनिटांचा पूर्ण कार्यक्रम उभा राहून, गिटार घेऊन माइकसमोर, मधल्या निवेदनासकट कर. लॅपटॉपपाशी बाबांना बसव आणि पॉजचं बटण त्यांच्या ताब्यात दे. त्यांना वाटेल तिथे, वाटेल तितक्या वेळा त्यांनी ट्रॅक बंद करायचा. तू थांबायचं नाहीस. गिटारवर लय धरून गाणं शेवटाला न्यायचं, किंवा दोन वाक्यं बोलून पुढच्या गाण्याकडे वळायचं. पहिल्या दिवशी फजिती होईल. महिनाभराने होत नसेल तर तुझ्या हातात एक कसब आलं असं समज. आणि मशीन वाजवतंय की तू, हे बाबांना तोवर तुझ्याआधी कळलेलं असेल.

शिक्षण थांबवू नकोस. सहा कार्यक्रमांवर असा निर्णय घेणं मला पटत नाही, आणि ही कामं बहुधा संध्याकाळी आणि सुट्टीच्या दिवशीच असतात, त्यामुळे कॉलेज आड येत नाही. पुढचं वर्षभर एक वही ठेव. प्रत्येक कार्यक्रमाचे मिळालेले पैसे, प्रवास, सामान लावण्या-काढण्यासकट गेलेले तास आणि एक शेवटचा रकाना : त्याच ठिकाणाहून पुन्हा बोलावणं आलं का? टाळ्यांवर जाऊ नकोस, टाळ्या सगळ्यांनाच मिळतात. वर्षाअखेरी शेवटचा रकाना भरत चालला असेल आणि खर्च वजा जाता काही उरत असेल, तर पूर्णवेळचा विचार करू. तेव्हाही शिकवणं, दुसऱ्यांसाठी ट्रॅक बनवणं, रेकॉर्डिंग यांतलं एखादं काम जोडीला असू दे. नुसत्या कार्यक्रमांवर घर चालवणारे आहेत, पण रिकाम्या महिन्यांची तयारी त्यांनी आधीच करून ठेवलेली असते.

सामान तोवर भाड्याने किंवा उसनं. स्वतःचं म्हणून एक चांगला माइक घे, तोही जाळी मुठीत न धरता वापरायला शीक; जाळी झाकली की मागचा आवाजही आत शिरतो आणि स्पीकर शिट्ट्या मारायला लागतो. लॅपटॉप बंद पडला तर म्हणून दुसऱ्या एखाद्या साध्या यंत्रावर सगळे ट्रॅक त्याच क्रमाने भरून ते मिक्सरला आधीच जोडून ठेव. मुख्य लॅपटॉप विमान मोडवर. ब्लूटूथचे इअरफोन स्वतःला ऐकण्यासाठी कधीच नको, त्यात आवाज सहज शंभर मिलिसेकंदांहून जास्त उशिरा पोचतो आणि तू ट्रॅकच्या मागे धावत राहतोस. तीन मीटरवरच्या स्पीकरचा आवाजही साधारण ९ मिलिसेकंदांनी येतो, पण तेवढं कान पचवतात.

कानांचंही बघ. कामाच्या ठिकाणच्या आरोग्याचा अभ्यास करणाऱ्या अमेरिकेतल्या नायॉश संस्थेच्या शिफारशीप्रमाणे ८५ डेसिबलला दिवसाचे ८ तास ठीक. पुढे दर ३ डेसिबलला वेळ निम्मा होतो, म्हणजे १०० डेसिबलला जेमतेम १५ मिनिटं.

बाबांबरोबरच्या प्रयोगाचं रेकॉर्डिंग पाठव, फजितीचं आधी. आणि ती वायर पुढच्या कार्यक्रमाची वाट न बघता बदल.