मुलगी पाचवीपासून इंग्रजी माध्यमात, आमचं शिक्षण मराठीतून. गणितात घरी मदत कशी करू?

तुम्ही लिहिलंय की चौथीपर्यंत मराठी शाळेत गणितात पुढे असलेली मुलगी आता सहावीत काठावर पास होते. मी गोव्यात, डिचोलीत संध्याकाळी मुलांना गणित-विज्ञान शिकवते. सरकारी मराठी प्राथमिक शाळेतून पाचवीत आलेली मुलं माझ्याकडे दरवर्षी असतात. त्यांच्यातल्या बऱ्याच जणांचं गणित कच्चं नसतंच, शब्द अडतो.

गेल्या पावसाळ्यात एका मुलीची वही कोरी दिसली. अडीच आणि सहा यांचा 'प्रॉडक्ट' काढायचा होता. "प्रॉडक्ट म्हणजे काय गं?" "दुकानात असतात ते. साबण, शॅम्पू." मी म्हटलं, "अडीच सक?" "पंधरा!" आजोबांनी अडीचकी पाठ करून घेतली होती तिच्याकडून.

म्हणून रोज दोनच उदाहरणं घ्या. तिने इंग्रजीत मोठ्याने वाचायचं आणि काय दिलंय, काय विचारलंय ते तुम्हाला मराठीत सांगायचं. जिथे अडेल तो शब्द वहीत: न्यूमरेटर म्हणजे अंश, डिनॉमिनेटर म्हणजे छेद, एलसीएम म्हणजे लसावि. 'व्हॉल्यूम' तर हमखास लिहा, मुलांना टीव्हीचा आवाज ठाऊक असतो, घनफळ नाही.

विज्ञानात तर मराठीचा फायदाच होतो. माशांची पाटी डोक्यावर घेऊन बाई अर्धा तास उभी राहिली, तर घाम गळेल, पण पाटी हललीच नाही, म्हणून तिच्यावर झालेलं 'वर्क' शून्य. इंग्रजीत दोन्हीला वर्कच म्हणतात. मराठीत रोजचं ते काम, भौतिकशास्त्रातलं ते कार्य.

एक चूक मात्र करू नका, ती मी केली आहे. सुरुवातीची दोन वर्षं मी सगळं मराठीतच समजावून सोडून द्यायचे. मुलांना कळायचं, पण पेपरात लिहिता यायचं नाही. त्यांचे गेलेले मार्क मला अजून टोचतात. समजलं की तेच तिला इंग्रजीत एका वाक्यात लिहायला लावा.

थोरल्याच्या बारावीनंतरच्या प्रवेशाचंही विचारलंत. जन्मदाखला, दहावीची मार्कशीट आणि आधार यांवर नावाचं स्पेलिंग एकच आहे का, ते आजच बघा. आपल्याकडे जुन्या कागदांवर आडनाव पोर्तुगीज वळणाने लिहिलेलं असतं आणि शाळेत वेगळं लागतं. फरक दिसला तर दुरुस्तीला आत्ताच टाका, निकालानंतरच्या धावपळीत त्याला वेळ मिळत नाही.