डर्ट रेससाठी मित्राचं जुनं, ‘डीओटी’ स्टिकरवालं हेल्मेट घ्यावं का?

तुम्ही लिहिलंय की धाकटा भाऊ कराडहून पहिल्यांदाच डर्ट रेसला उतरतोय आणि मित्राचं हेल्मेट निम्म्या किमतीत मिळतंय. नका घेऊ. सातारा-सांगलीकडच्या रेसना मी स्क्रुटिनीच्या, म्हणजे रेसआधी गाडी आणि सामान तपासायच्या, टेबलावर असतो, तिथे असली हेल्मेटं रोज दिसतात. आतला थर्माकोल एकदा दबला की पुन्हा फुगत नाही आणि वरचा रंग मात्र चकाचक राहतो. मित्र ते घालून कुठे आपटला होता, हे तो सांगेलच असं नाही.

‘डीओटी’ हा अमेरिकेचा नियम. त्यात कंपनी स्वतःच जाहीर करते की आमचा माल निकषात बसतो, विक्रीआधी सरकारी तपासणी नाही. शिवाय ते स्टिकर सुटंही मिळतं! आपल्याकडे 1 जून 2021 पासून दुचाकीचं हेल्मेट आयएसआय मार्कशिवाय विकता येत नाही. मार्कच्या वर आयएस 4151 हा हेल्मेटच्या भारतीय मानकाचा नंबर आणि खाली सीएम/एल, म्हणजे कंपनीच्या परवान्याचा नंबर असतो. हा परवान्याचा नंबर ‘बीआयएस केअर’ या सरकारी अ‍ॅपमध्ये टाका. भलत्याच कंपनीचं नाव आलं, तर दुकानातून सरळ बाहेर पडा.

झेपत असेल तर आयएसआयच्या जोडीला ईसीई 22.06 हा युरोपात चालणारा हेल्मेटचा नियम पाळणारंच बघा, कारण त्यात तिरका मार बसून डोकं गरकन फिरतं त्याचीही चाचणी आहे. हनुवटीच्या पट्ट्यावर शिवलेलं लेबल शोधा: गोलात ई, शेजारी देशाचा आकडा, मग 06 ने सुरू होणारा नंबर. 05 असेल तर जुना नियम. पुढे ‘पी’ असेल तर जबड्याकडचा भागही तपासलेला आहे. बकल डबल डी-रिंगचंच, म्हणजे दोन कड्यांतून पट्टा ओवून आवळायचंच हवं, क्लिपवालं मी तरी पास करत नाही. पट्टा आवळून हेल्मेट मागून वर ढकलून बघा. डोक्यावरून निघालं तर साइज मोठा आहे, मग लेबल कुठलंही असो.

जॅकेटच्या ब्रँडपेक्षा पाठीचं पॅड बाहेर काढून बघा. ईएन 1621-2 या पाठीच्या पॅडच्या युरोपियन मानकात, लेव्हल 2 मध्ये पलीकडे पोचणारा मार सरासरी 9 किलोन्यूटनच्या आत लागतो, लेव्हल 1 ला 18 चालतो. बऱ्याच जॅकेटांत पाठीला नुसता फोम निघतो.

रेस एफएमएससीआय या देशातल्या मोटरस्पोर्ट क्लबांच्या महासंघाच्या मान्यतेची असेल, तर खरेदीआधी आयोजकांकडून त्या रेसचे पुरवणी नियम मागून घ्या. पैसे कमी पडले तर जॅकेट मित्राचं चालेल, हेल्मेट नाही.