रताळ्याचं मॅश गोड न होता खारं-तिखट कसं करायचं?

साखर, दालचिनी काही घालू नका, बस्स. आम्ही म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारातनं रताळी आणतो, अर्धा किलो चौघांना पुरतात, साल न काढता कुकरच्या डब्यात ठेवून (पाणी फक्त कुकरच्या तळाला, डब्यात नाही) 3 शिट्ट्या द्यायच्या, कारण सोलून थेट पाण्यात उकडली की पाणी पितात आणि मॅशचा लगदा होतो (माझा झालाय, घरच्यांनी खीर समजून खाल्ली). गरम असतानाच सोलून काट्यानं कुस्करा, मिक्सर नको, चिकट होतं. मग चमचाभर खोबरेल तेलात मोहरी, 5-6 ठेचलेल्या लसणीच्या पाकळ्या, हिरवी मिरची, कढीपत्ता, ही फोडणी वर ओता, मीठ जरा सढळ हातानं. शेवटी लिंबू मात्र हवंच, त्यानं गोडवा आटोक्यात येतो. काफ्रेआल (हिरव्या मसाल्यातलं गोव्याचं चिकन) किंवा तळलेल्या बांगड्यासोबत एकदम मस्त.