एप्रिल लागला की जेलचे पट्टे 'हसतात' आणि पेशी मरतात, माझं काय चुकतंय?

तुम्ही लिहिलंय की सोलापुरात एमएस्सीचा प्रोजेक्ट चालू आहे, मार्चपर्यंत सगळं ठीक होतं, आणि आता एसडीएस-पेजचे (जेलमधून विजेने प्रथिनं आकारानुसार वेगळी करायची पद्धत) पट्टे मधे खाली, कडेला वर असे येतात. शिवाय इनक्युबेटरमधल्या (पेशी ३७ अंशांवर वाढवायच्या पेटीतल्या) पेशी दोनदा मेल्या. "माझा हातच खराब आहे का?" हात ठीक आहे हो. ऊन बघा आधी.

जेलमधून करंट गेला की ते तापतं. काचेच्या कडांना उष्णता निसटते, मधे साचते. तापलेल्या भागात प्रथिनं जोरात पळतात, म्हणून मधला पट्टा पुढे आणि कडेचे मागे. लॅबमध्येच चाळीस अंश असतील तर पुण्याच्या एसी लॅबमधला प्रोटोकॉल इथे जसाच्या तसा चालणार नाही. व्होल्टेज उतरवा, १५० वर चालवत असाल तर ९०-१०० वर या, वेळ जास्त लागू द्या. टाकी बर्फाच्या टबात ठेवा. आम्ही गोळेवाल्याकडून लादीचा तुकडा आणायचो, त्याला आजही वाटतं आमच्या लॅबमध्ये रोज सरबत होतं. कडेच्या वेल (सॅम्पल भरायच्या खाचा) रिकाम्या सोडू नका, नुसता सॅम्पल बफर भरा. आणि सॅम्पलमध्ये मीठ जास्त असेल तर ती लेन (त्या खाचेखालची रांग) वाकडीच जाणार, तिथे बर्फाचा उपयोग नाही.

दुसरी गोष्ट ओतण्याची. उन्हात जेल फार लवकर गोठतं. टेमेड (जेल गोठण्याचा वेग वाढवणारं रसायन) टाकून पिपेट उचलेपर्यंत बीकरमध्येच दगड. टेमेड थोडं कमी करा, मिश्रण आधी बर्फावर थंड करा. ग्लोव्हज मात्र गरम होतात म्हणून काढू नका, न गोठलेलं ॲक्रिलामाइड मज्जातंतूंना विषारी असतं.

पट्टे फिकट येतात असंही लिहिलंय, तर रंगाबद्दल थोडं. हा माझ्या आवडीचा भाग. आमचं घर सोलापूरच्या पूर्व भागात, वडिलांचा जन्म डाइंगमध्ये, म्हणजे रंगाईत, गेला. मी जेलमधले पट्टे रंगवायच्या कुमासी ब्लूची बाटली दाखवली तर पहिला प्रश्न, "हा टॉवेलला बसतो का?" नाही बसत. कुमासी मुळात लोकरीचा रंग, नाव घानातल्या कुमासी शहरावरून पडलेलं. लोकर म्हणजे प्रथिन, आणि आपला सोलापुरी टॉवेल सुती, म्हणजे सेल्युलोज. हा रंग आम्लात प्रथिनावरच्या धनभाराला, मुख्यतः आर्जिनिनला, चिकटतो. म्हणूनच स्टेनमध्ये (रंगाच्या द्रावणात) ॲसेटिक ॲसिड असतं. वडील एवढंच म्हणाले, "मग लोकरीसारखंच आंबट पाणी लागणार की." तुमचे पट्टे फिकट असतील तर आधी ॲसिड बघा, ते खूप दिवसांचं असेल तर नवं करा. आणि डिस्टेनमध्ये (जास्तीचा रंग धुवायच्या द्रावणात) लोकरीच्या धाग्याची गाठ टाका. सुटलेला रंग ती ओढून घेते, डिस्टेन वारंवार बदलावं लागत नाही. जुन्या स्वेटरचा धागा चालतो, फक्त तो खरी लोकर हवा, ॲक्रिलिक नको.

आता पेशी. मेल्या तेव्हा मीडियम (पेशी वाढतात ते पोषक द्रव) पिवळं आणि गढूळ होतं का? तसं असेल तर बॅक्टेरिया शिरलेत, मग हूड (जंतुविरहित हवेचं कपाट) आणि तुमची सवय तपासा. मीडियम स्वच्छ आणि पेशी नुसत्या तरंगत असतील तर मला उष्णतेचा संशय आहे. साधा इनक्युबेटर फक्त गरम करू शकतो, थंड करू शकत नाही. तो ३७ अंश नीट सांभाळतो ते खोली त्याहून चारपाच अंश तरी थंड असेल तेव्हाच. खोली ४१ वर गेली की आतही ४१. सीओटू (कार्बन डायऑक्साइड) पाच टक्के अगदी बरोबर असलं तरी पेशींना त्याचा काय उपयोग?

मी ज्या लॅबमध्ये होते तिथे सुट्टीला एसी बंद करायचा नियम होता. मे महिन्यातल्या एका सोमवारी दार उघडलं तर तीन आठवड्यांच्या सगळ्या फ्लास्कमधल्या पेशी सुटून तरंगत होत्या. इनक्युबेटरच्या आकड्यांच्या पट्टीवर मात्र ३७.० दिसत होतं, कारण सकाळी सात वाजता खोली थंड झालेली असते. त्या दिवशी मी कोणाशीच बोलले नाही.

तेव्हापासून थोड्या पेशी डीएमएसओत (गोठताना पेशींना वाचवणारं द्रव) घालून गोठवून ठेवते. मिनिटाला साधारण एक अंश या गतीने उणे ८० पर्यंत, मग द्रव नायट्रोजनमध्ये. कॉलेजात कंटेनर नसेल तर गावाकडच्या पशुवैद्यकांना विचारा, गायींच्या कृत्रिम रेतनासाठी त्यांच्याकडे द्रव नायट्रोजन असतो. भरून कुठून आणायचा हे त्यांना आपल्यापेक्षा चांगलं ठाऊक असतं.

आणि गोठवलेल्या पेशींची नवी व्हायल (कुपी) वितळवण्याआधी एक करा. ताप बघायचा जुना पाऱ्याचा थर्मामीटर झटकून, झाकणाच्या टेस्टट्यूबमध्ये घालून शनिवारी इनक्युबेटरमध्ये ठेवा. त्याचा पारा वर गेला की आपोआप खाली येत नाही. सोमवारी काय आकडा निघतो ते इथे कळवा.