कॅनडात सगळं फुकट असताना आदिवासी मुलांशी भेदभाव कसला?
तुम्ही विचारलंय, शाळा-दवाखाने फुकट असलेल्या कॅनडात आदिवासी मुलांशी भेदभाव केल्याचा खटला सरकार हरलंच कसं? माझी सगळी नोकरी लेखा विभागात गेली, त्यामुळे निकाल वाचताना माझी नजर आधी लेखाशीर्षांवर गेली.

तिथे बालकल्याणाचा खर्च एरवी प्रांत करतो. रिझर्व्हवर, म्हणजे आदिवासींसाठी राखून ठेवलेल्या जमिनींवर, राहणाऱ्या फर्स्ट नेशन्स (तिथल्या आदिवासींचा एक मोठा गट) मुलांचा मात्र केंद्राकडे. केंद्राची पद्धत तेव्हा अशी होती, की मूल आईबापांकडून काढून परक्या घरी ठेवलं तर होईल तेवढा खर्च मिळणार. तेच मूल घरी राहावं म्हणून कुटुंबाला हात द्यायचा, तर ठरीव रक्कम, तीही तुटपुंजी. मूल उचललं की बिल पास, घरी ठेवलं की 'तरतूद नाही'! २०१६च्या जनगणनेत कॅनडातल्या १४ वर्षांपर्यंतच्या मुलांत आदिवासी होते ७.७ टक्के; परक्या घरी ठेवलेल्यांत ५२.२ टक्के. सगळा दोष या पद्धतीचा नाही, पण वाटा मोठा.

सिंडी ब्लॅकस्टॉक या गिट्क्सान समाजाच्या कार्यकर्त्या. त्यांच्या संस्थेनं आणि असेंब्ली ऑफ फर्स्ट नेशन्स या फर्स्ट नेशन्सच्या देशव्यापी संघटनेनं २००७ साली मानवाधिकार न्यायाधिकरणाकडे तक्रार केली. सरकारचा बचाव ऐका: प्रांत वेगळे, आम्ही वेगळे, मग तुलना कुणाशी करणार? पळवाट म्हणून अव्वल. २०११मध्ये ती चाललीही आणि तक्रार फेटाळली गेली. पुढच्या वर्षी फेडरल कोर्टानं प्रकरण फेरसुनावणीसाठी न्यायाधिकरणाकडे परत पाठवलं. सुनावणीला शाळकरी मुलं येऊन बसायची, शिवाय ब्लॅकस्टॉकबाईंचं एक टेडी अस्वलही. २६ जानेवारी २०१६ला निकाल लागला: भेदभाव झालाय, थांबवा. २०१९मध्ये प्रत्येक बाधित मुलामागे ४०,००० डॉलर भरपाईचा आदेश निघाला.

याच प्रकरणात 'जॉर्डनचं तत्त्व' वाचायला मिळेल. मॅनिटोबा प्रांतातल्या नॉर्वे हाउस क्री नेशन या आदिवासी समाजाचा जॉर्डन रिव्हर अँडरसन जन्मापासून विनिपेगच्या दवाखान्यात. दोन वर्षांचा झाल्यावर डॉक्टर म्हणाले, आता घरगुती वातावरणात न्या. खर्च कुणी करायचा यावर केंद्र आणि प्रांत दोन वर्षांहून जास्त भांडत बसले. पोरगं २००५मध्ये, पाच वर्षांचं असताना, दवाखान्यातच गेलं. तत्त्व एवढंच, की मुलाला लागेल ते आधी द्या, पैशांचं भांडण मागून करा. संसदेनं ते २००७मध्ये एकमतानं मान्य केलं, पण सरकारनं त्याचा अर्थ इतका आखडून लावला की न्यायाधिकरणाला वारंवार बजावावं लागलं.

आता मिटलं का? २३ अब्ज डॉलरहून मोठ्या भरपाईला फेडरल कोर्टानं २०२३मध्ये मंजुरी दिली. पुढच्या सुधारणांसाठीचा ४७.८ अब्जांचा प्रस्ताव मात्र ऑक्टोबर २०२४मध्ये फर्स्ट नेशन्सच्या प्रमुखांनीच मतदान करून नाकारला. त्यावर वेगळा प्रश्न टाका, सवडीनं लिहितो.