लग्नाच्या डीव्हीडीची एमपी४ फाइल केली, तर सगळे उंच आणि बारीक दिसतात. काय चुकलं आणि दुरुस्त कसं करायचं?

तुमच्या प्रश्नातली सगळ्यात कामाची गोष्ट तुम्ही जाता जाता लिहिली आहे. ताईच्या लग्नाच्या डीव्हीडी घरच्या टीव्हीवर नीट दिसायच्या, फाइल केल्यावर मात्र नवरदेवापासून भटजींपर्यंत सगळे ताणल्यासारखे झाले. म्हणजे मूळ चित्र शाबूत आहे. ते किती रुंद दाखवायचं, ही माहिती कुठेतरी चुकली किंवा गळली. बहुतेक वेळा यासाठी पुन्हा कन्व्हर्टसुद्धा करावं लागत नाही.

आधी डीव्हीडीचा स्वभाव समजून घ्या. आपल्याकडच्या डीव्हीडी पॅल या टीव्ही-पद्धतीच्या असतात आणि त्यांतली चौकट जवळजवळ नेहमी ७२० × ५७६ पिक्सेलची असते. जुन्या चौकोनी टीव्हीसाठीचं ४:३ चित्रही ७२० × ५७६ आणि रुंद १६:९ चित्रही ७२० × ५७६. दाखवताना पहिलं ७६८ × ५७६ एवढं व्हायला हवं आणि दुसरं १०२४ × ५७६ एवढं. म्हणजे डीव्हीडीतला पिक्सेल चौरस नसतोच. हा घोळ डीव्हीडीच्या आधीचा आहे. १९८२ साली डिजिटल व्हिडिओचं जे आंतरराष्ट्रीय मानक ठरलं, त्यात युरोपची ६२५ रेषांची आणि अमेरिकेची ५२५ रेषांची अशा दोन्ही पद्धतींना चालेल असा एकच सॅम्पलिंगचा, म्हणजे चित्राचे नमुने घेण्याचा, वेग घेतला, म्हणून दोन्हीकडे एका ओळीत ७२० नमुने आले. पिक्सेल चौरस असावा ही गरज कॉम्प्युटरवाल्यांची. टीव्हीवाल्यांना तिचं काही पडलेलं नव्हतं.

मग ४:३ की १६:९ हे प्लेअरला कळतं कसं? व्हिडिओसोबत एक छोटी खूण लिहिलेली असते, तिला फ्लॅग म्हणतात. ही बरणीवरची चिठ्ठी समजा. तुमच्या बाबतीत एकतर चिठ्ठीच चुकीची लावलेली आहे, किंवा बरोबर चिठ्ठी कन्व्हर्टरने फाडून टाकली आहे. दोन्हीत माणसं बारीकच दिसतात, पण पुढचे उपाय थोडे वेगळे, म्हणून आधी कुठलं ते ठरवा.

ते ठरवायला टीव्हीवर विश्वास ठेवू नका. बऱ्याच घरांत टीव्ही ‘वाइड’ किंवा ‘फुल’ वर ठेवलेला असतो आणि तो येईल ते चित्र ओढून पडदाभर करतो. डिस्कवर ४:३ ची चुकीची खूण असली तरी टीव्हीच्या त्या ओढाताणीत चित्र नेमकं बरोबर होऊन बसतं आणि वर्षानुवर्षं कुणाला पत्ता लागत नाही. लॅपटॉपला यूएसबीचा डीव्हीडी ड्राइव्ह जोडा, व्हीएलसी या व्हिडिओ प्लेअरमध्ये ‘अ‍ॅस्पेक्ट रेशो’ (चित्राच्या रुंदी-उंचीचं प्रमाण) ‘डिफॉल्ट’ वर ठेवा आणि मूळ डिस्कच लावून बघा. तिथेही सगळे बारीक दिसले तर चूक डिस्क बनवतानाची. तिथे ठीक दिसले तर दोष कन्व्हर्टरचा.

लग्नाच्या डिस्कमध्ये पहिला प्रकार मला जास्त आढळतो. कॅमेरा रुंद चित्र घेणारा असतो आणि मिक्सिंगवाल्याच्या सॉफ्टवेअरमध्ये जुन्या कामाचं ४:३ चं सेटिंग तसंच राहिलेलं असतं. त्याच्याकडच्या मॉनिटरवर त्याने हृदयं, उडणारी फुलं, अंगठ्या यांकडेच पाहिलेलं असावं, माणसांकडे नाही.

नुसत्या डोळ्यांना खात्री वाटत नसेल तर मोजा. समोरून दिसणारी गोल वस्तू शोधा आणि तिथे व्हिडिओ थांबवा. लग्नात गोल वस्तूंना तोटा नसतो: औक्षणाचं ताट कॅमेऱ्याकडे वळवलेलं असतं, रुखवतात तर एखादी तरी वस्तू सापडतेच, नाहीतर हॉलमधलं भिंतीवरचं घड्याळ. पडद्यावर पट्टी लावून रुंदीला उंचीने भागा. उत्तर १ च्या आसपास आलं तर काही बिघडलेलं नाही. ०.७५ आलं तर १६:९ चं चित्र ४:३ म्हणून दाखवलं जातंय, म्हणजे खूण चुकीची. ०.७० आलं तर १६:९ ची खूणच गळली आहे आणि ७२० × ५७६ चे पिक्सेल चौरस धरून दाखवले जातायत. ०.९४ म्हणजे तीच गळती, पण ४:३ च्या डिस्कची. हा फरक इतका थोडा असतो की लोक ‘ताई तेव्हा जरा बारीकच होती’ म्हणून सोडून देतात. १.३३ म्हणजे उलटा प्रकार, ४:३ चं चित्र १६:९ मध्ये ओढलंय आणि सगळे गुबगुबीत झालेत. मोजायला मिक्सिंगमध्ये घातलेली गोल नक्षी किंवा नावाची पाटी मात्र घेऊ नका. ती नंतर टाकलेली असते, त्यामुळे चित्र चुकलेलं असतानाही ती गोल दिसू शकते.

आता दुरुस्ती. तयार एमपी४ व्हीएलसीमध्ये लावा आणि कीबोर्डवरचं ‘ए’ दाबत राहा. दर वेळी रेशो बदलत जातो. १६:९ वर ताट गोल झालं की निदान पक्कं. हा बदल फक्त पाहण्यापुरता असतो, फाइलमध्ये काही लिहिलं जात नाही. कायमचं करायला एमकेव्हीटूलनिक्स हे फुकटचं सॉफ्टवेअर घ्या. त्यात तुमची एमपी४ टाका, व्हिडिओच्या ट्रॅकवर क्लिक करा, उजवीकडे अ‍ॅस्पेक्ट रेशोच्या रकान्यात १६/९ लिहा आणि नवी एमकेव्ही फाइल काढा. एकही चौकट नव्याने एन्कोड होत नाही, त्यामुळे दर्जा तसाच राहतो आणि काम फाइल कॉपी व्हायला लागेल तेवढ्याच वेळात उरकतं. चिठ्ठी बदलली, लोणचं ढवळलं नाही.

एकच अट आहे. कन्व्हर्ट करताना वरच्या-खालच्या किंवा बाजूच्या काळ्या पट्ट्या कापल्या गेल्या असतील तर उरलेल्या चित्राचा आकार आता १६:९ नाही. त्यावर १६:९ लादलं तर नवी विकृती येईल. अशा वेळी मूळ डिस्कवरून पुन्हा करणं बरं.

पुन्हा करायचं तर आधी मेकएमकेव्ही या सॉफ्टवेअरने डिस्क जशीच्या तशी हार्डडिस्कवर उतरवून घ्या. अशा कॉम्प्युटरवर ‘बर्न’ केलेल्या डीव्हीडी कायम टिकत नाहीत आणि प्रत्येक प्रयोगासाठी त्याच डिस्कला राबवणं बरोबर नाही. मग हँडब्रेक हा कन्व्हर्टर घ्या. डिस्कची खूण बरोबर असेल तर ‘डायमेन्शन्स’ मध्ये ‘अ‍ॅनामॉर्फिक’ (चौरस नसलेल्या पिक्सेलचं सेटिंग) ‘ऑटोमॅटिक’ वर ठेवा आणि बाकी कशाला हात लावू नका. खूण चुकीची असेल तर ऑटोमॅटिक तीच चूक इमानेइतबारे पुढे नेईल. तिथे ‘कस्टम’ निवडा आणि पिक्सेल अ‍ॅस्पेक्ट, म्हणजे एका पिक्सेलच्या रुंदी-उंचीचं प्रमाण, ६४:४५ द्या. पॅल १६:९ साठी हाच आकडा. ४:३ साठी १६:१५. काही ठिकाणी तुम्हाला १६:११ आणि १२:११ हे आकडेही दिसतील. ते ओळीच्या दोन्ही टोकांचे काही पिक्सेल हिशेबातून वगळणाऱ्यांचे. फरक जेमतेम सव्वादोन टक्क्यांचा आहे, त्यावर लोक हिरिरीने भांडतात, पण लग्नाच्या व्हिडिओत तो कुणाच्या बापाला दिसत नाही.

फाइल पेनड्राइव्हवरून टीव्हीला लावायची असेल किंवा व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवायची असेल तर मी खुणेच्या भरवशावर राहत नाही. काही टीव्ही आणि अ‍ॅप्स ती वाचतच नाहीत. तिथे ‘अ‍ॅनामॉर्फिक’ ‘नन’ करा, प्रमाण राखण्याच्या पर्यायावरची टिक काढा आणि सरळ १०२४ × ५७६ लिहा. रुंदी ७२० च्या पुढे जाऊ देत नसेल तर ‘अलाउ अपस्केलिंग’ चालू करा. पिक्सेल चौरस झाले की चुकायला जागाच उरत नाही. त्याच वेळी डीइंटरलेस (एकाआड एक रेषांनी रेकॉर्ड झालेलं चित्र नीट जुळवणारं सेटिंग) चालू आहे ना तेही बघा, नाहीतर अक्षता टाकणाऱ्या प्रत्येक हाताच्या कडेला दातेरी रेषा दिसतील. १२८० × ७२० करण्याचा मोह मात्र टाळा. त्याने फाइल मोठी होते, चित्रात नवीन काही येत नाही.

अमेरिकेतल्या नातेवाइकांसाठी म्हणून वेगळी डिस्क करून घेतली असेल तर ती एनटीएससी या तिकडच्या टीव्ही-पद्धतीची असू शकते. तिची चौकट ७२० × ४८० असते आणि वरचे आकडे तिला लागू नाहीत. तिथे १६:९ साठी पिक्सेल अ‍ॅस्पेक्ट ३२:२७ (चौरस करायचं तर ८५४ × ४८०) आणि ४:३ साठी ८:९ (६४० × ४८०). दोन्ही डिस्क घरात असतील तर पॅलचीच घ्या. आपल्याकडचं शूटिंग मुळात पॅलमध्ये झालेलं असतं आणि एनटीएससी करताना रेषाही कमी होतात, चौकटींच्या वेगाचीही मोडतोड होते.

जुन्या सिनेमांच्या डीव्हीडीबद्दलही तुम्ही विचारलंय. तिथे वर-खाली काळ्या पट्ट्या असतील आणि गोल वस्तू गोल दिसत असेल तर ते चुकलेलं नाही. रुंद सिनेमा ४:३ च्या चौकटीत बसवलाय, इतकंच. पट्ट्या कापा, चित्र ओढू नका.

खरी कटकट एकाच प्रकारात होते: दोन कॅमेऱ्यांचं शूटिंग एकत्र केलेलं असतं आणि त्यातल्या ४:३ कॅमेऱ्याचं चित्र मिक्सिंगमध्येच १६:९ ला ओढलेलं असतं. मंगलाष्टकांना सगळे बरोबर, पंगतीत सगळे जाडे. इथे एक खूण बदलून भागत नाही. शॉटकटसारख्या एडिटरमध्ये तेवढे तुकडे वेगळे काढा, त्यांची रुंदी ७५ टक्के करा आणि दोन्ही बाजूंना काळं राहू द्या. तुमच्या फाइलमध्ये पंगतही बारीकच दिसते का ते बघून सांगा. ती मधल्यामध्येच बरोबर दिसत असेल तर तुमची डिस्क या प्रकारातली आहे.